टाकी दर रविवारी धुऊ नका

निपाणीच्या एका ताईंचं अ‍ॅक्वापोनिक्सबद्दल, म्हणजे माशांच्या टाकीतलं पाणी खडीच्या वाफ्यातून फिरवून त्यावर भाजी वाढवण्याबद्दल, सविस्तर पत्र आलं आहे. त्यातला कामाचा भाग असा:

‘दिवाळीनंतर गच्चीवर अ‍ॅक्वापोनिक्स सुरू केलं. हजार लिटरची प्लास्टिकची टाकी, तिच्यावर खडीचे दोन वाफे, टाकीत चाळीस कॉमन कार्प. पाणी घरच्या बोअरचं. पालक, मेथी, कोथिंबीर आणि टोमॅटोची दोन रोपं आहेत. दर रविवारी सगळं पाणी काढून टाकी घासते, खडी धुऊन उन्हाला घालते आणि नवीन पाणी भरते. सोमवार-मंगळवार मासे चांगले फिरतात. गुरुवारपासून वर येऊन तोंडं उघडझाप करायलेत. आतापर्यंत अकरा मेले. कोल्हापूरहून टेस्ट किट आणलं. सोमवारी अमोनिया अर्धा होता, शुक्रवारी चार. नायट्राइट शून्य, नायट्रेट वीस, पीएच दोन्ही दिवशी ८.२. पीएच उतरावा म्हणून लिंबू पिळते, दोन दिवसांत परत तेवढाच. पालकाची नवी पानं पिवळी पडायलीत, शिरा तेवढ्या हिरव्या. पाणी काचेसारखं नितळ आहे खरं मासे मरायलेत. सासूबाई म्हणतात, आता बंद कर. काय करू?’

ताई, नमस्कार.

आधी सासूबाईंसाठी: बंद करू नका. एकोणतीस मासे जिवंत आहेत आणि ते वाचवता येतील. तुम्ही सोमवार आणि शुक्रवार, दोन्ही दिवसांचे आकडे लिहिलेत म्हणून तुमचा त्रास मला इथे बसून ओळखता आला. गुदमरणारे मासे, हलायला तयार नसलेला पीएच (सात म्हणजे मधला, त्याखाली पाणी आम्लधर्मी, वर अल्कधर्मी) आणि पिवळा पालक ही तीन वेगळी दुखणी वाटतात, पण तिन्हींचं मूळ एकच आहे. ते म्हणजे तुमची रविवारची धुलाई. इतक्या कष्टानं, इतक्या मायेनं तुम्ही ती करता, म्हणून हे लिहिताना वाईट वाटतं. पण येत्या रविवारपासून ती थांबायला हवी.

माशाच्या पोटात गेलेल्या खाद्यातल्या प्रथिनांचा बराचसा नायट्रोजन अमोनिया होऊन कल्ल्यांवाटे पाण्यात उतरतो. चाळणीतून दिसेल असा हा कचरा नव्हे. तो विरघळलेला असतो, त्याला रंग नसतो, म्हणून नितळ पाण्यावर विसंबू नका. तुम्ही रोज किती खाद्य घालता ते पत्रात नाही. ते चाळीस ग्रॅम आणि त्यातली प्रथिनं तीस टक्के धरली तर त्यातून रोज साधारण एक ग्रॅमभर अमोनिया-नायट्रोजन तयार होतो. हजार लिटरमध्ये तो दर लिटरला रोज एक मिलिग्रॅमनं वाढतो. सोमवारचा अर्धा शुक्रवारी चारवर गेला, तो हिशेब इथे जवळपास लागतो. म्हणजे तुमच्या टाकीत अमोनिया फक्त साठतो आहे, त्याचं पुढे काही होत नाही.

पुढे व्हायला जिवाणू लागतात. खडीवर, पाइपात, टाकीच्या भिंतीवर काही आठवड्यांनी एक पातळ बुळबुळीत थर धरतो. त्या थरात नायट्रोसोमोनास जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात आणि नायट्रोस्पायरा जातीचे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. पालक मुळांनी उचलतो ते मुख्यतः हे नायट्रेट. सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञानं १८९० च्या सुमारास हे जिवाणू वेगळे काढून दाखवले, तेव्हा मातीतल्या नायट्रेटचं कोडं सुटलं. हे जिवाणू फार सावकाश वाढतात. दूध नासवणारे जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात, यांना त्यासाठी चांगली परिस्थिती असली तरी अर्धा-एक दिवस लागतो. म्हणून नव्या टाकीत ही साखळी बसायला चार ते सहा आठवडे जातात, थंडीत त्याहून जास्त. तुमची टाकी दिवाळीपासून चालू आहे, तरी तिचं वय कधी सात दिवसांच्या पुढे गेलंच नाही. खडी धुतल्यानं थर निघतो, आणि त्यातून उरलेलं ऊन मारून टाकतं. मसाला, गाद्या, डाळी यांना ऊन दाखवायची आपली सवय चांगलीच आहे, पण ही खडी ओली राहायला हवी.

तुम्ही विचाराल, मग नायट्रेट वीस कुठून आलं? माझा संशय बोअरवर आहे. उसाच्या पट्ट्यात युरियातलं नायट्रेट झिरपून भूजलात उतरतं. साखळी चालू असती तर मधल्या टप्प्यावरचं नायट्राइट थोडं तरी दिसलं असतं. तुमच्याकडे अमोनिया चार आणि नायट्राइट अगदी शून्य, म्हणजे पहिला टप्पाच सुरू झालेला नाही. खात्री करायला बोअरचं ताजं पाणी त्याच किटनं तपासा. तिथेही वीस आलं तर हे नायट्रेट तुमच्या माशांचं नाही. शक्य असेल तर हेच पाणी घरात पिण्यासाठी वापरता का, तेही बघा. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मानकातली मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे आणि तान्ह्या बाळांच्या बाबतीत ती काटेकोरपणे पाळायला हवी.

आता पीएचकडे येऊ, कारण सगळी गोष्ट इथेच अडली आहे.

किट दाखवतं तो अमोनिया दोन रूपांत असतो. एक अमोनियम, ते माशाला फारसं बाधत नाही. दुसरा मोकळा अमोनिया, तो कल्ल्यातून थेट आत शिरतो. कुठलं रूप किती, हे पीएच आणि तापमान ठरवतं. पाणी २८ अंशांवर आणि पीएच ७ असेल तर मोकळा अमोनिया एक टक्काही नसतो. तेच पाणी ८.२ वर गेलं की दहा टक्के. म्हणजे शुक्रवारच्या तुमच्या चार मिलिग्रॅमपैकी ०.४ मिलिग्रॅम हा विषारी भाग होता. मासे कायम ज्यात राहतील त्या पाण्यात तो ०.०५ च्या खाली हवा. त्या दिवशी पीएच ७ असता तर विषारी भाग ०.०३ च्या आसपास राहिला असता आणि मासे वाचले असते. म्हणून पीएच उतरवायची तुमची ओढ बरोबर आहे. फक्त लिंबू त्या कामाचं नाही.

पीएच या क्षणाचा आकडा सांगतो. पाणी त्या आकड्याला किती घट्ट धरून राहील, हे सांगते आल्कलिनिटी, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटचा साठा. पाऊस जमिनीत मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि खडकातून बायकार्बोनेट विरघळवून आणतो. वरून आम्ल पडलं की आधी हे बायकार्बोनेट खर्ची पडतं, त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि पीएच तात्पुरता खाली दिसतो. पाणी वाफ्यातून टाकीत कोसळलं की तो वायू उडून जातो आणि आकडा वर चढतो. त्यात लिंबातलं सायट्रिक आम्ल इतर जिवाणू खाऊन टाकतात. खाताना माशांच्या वाटणीचा प्राणवायू वापरतात, आणि खर्ची पडलेली आल्कलिनिटी पुन्हा पाण्यात येते. व्हिनेगरचंही असंच. लिंबू जास्त पडलं तर जे जिवाणू बसावेत म्हणून आपण धडपडतो त्यांनाच ते मारक ठरतं. तेव्हा लिंबू बंद.

तुमच्या पत्रात आल्कलिनिटीचा आकडा नाही. पण ८.२ वर ठाण मांडलेला पीएच बघता ती बरीच असणार. हिशेबापुरती तीनशे मिलिग्रॅम प्रति लिटर धरू. आता जिवाणूंचं काम या नजरेनं बघा. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट करताना ते सुमारे सात ग्रॅम आल्कलिनिटी खर्च करतात. म्हणजे रोज चाळीस ग्रॅम खाद्य पडणाऱ्या तुमच्या टाकीत दर लिटरला रोज सात-आठ मिलिग्रॅम आल्कलिनिटी आपोआप कमी होईल. झाडं नायट्रेट उचलताना त्यातली थोडी परत देतात, म्हणून वेग जरा मंदावेल, इतकंच. साखळी बसल्यावर दीड-दोन महिन्यांत तीनशेची शंभर होते, आणि पीएच सातच्या दिशेनं उतरायला लागतो. कुठलंही आम्ल न घालता. ज्यांची अ‍ॅक्वापोनिक्स वर्षभर सुरळीत चालते त्यांचा पीएच ६.८ ते ७ मध्ये असतो. जिवाणूंना साडेसात-आठ आवडतं, झाडांना सहाच्या आसपास, आणि माशांना यातलं बहुतेक सगळं चालतं. सगळ्यांची सोय होते ती सातजवळ.

तुमची टाकी तिथे पोचत नाही, कारण दर रविवारी बोअरचं हजार लिटर पाणी नव्यानं तीनशे आल्कलिनिटी घेऊन येतं. पाण्याला उतरायला तुम्ही सवडच दिली नाहीत.

पिवळा पालकही यातलाच. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, ही लोहाच्या कमतरतेची खूण आहे. (जुनी पानं कडेनं करपत असती तर पालाश कमी आहे असं म्हटलं असतं.) माशांच्या खाद्यात लोह तसंही थोडंच असतं, आणि पीएच सातच्या वर गेला की विरघळलेलं लोह गंजासारखं खाली बसतं, मुळांच्या हाती लागत नाही. म्हणून हिराकस घालून उपयोग नाही, तोही तसाच बसेल. कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह, म्हणजे असं खाली बसू नये म्हणून दुसऱ्या रेणूत धरून ठेवलेलं लोह, मिळतं, पण पाकिटावर कुठलं चिलेट ते वाचून घ्या. ईडीटीए सर्वांत स्वस्त, पण ते साडेसहाच्या पुढे सुटायला लागतं. डीटीपीए साधारण साडेसातपर्यंत टिकतं. तुमच्या आजच्या ८.२ ला फक्त ईडीडीएचए चालेल. ते महाग असतं आणि पाणी लालसर करतं, त्याला घाबरू नका. व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात जेम्स रॅकोसी यांनी वर्षानुवर्षं अ‍ॅक्वापोनिक्स चालवलं. त्यांचं प्रमाण दर तीन आठवड्यांनी लिटरला दोन मिलिग्रॅम लोह असं होतं. हजार लिटरला दोन ग्रॅम लोह. सहा टक्के लोहाचं ईडीडीएचए असेल तर ३३ ग्रॅम, अकरा टक्क्यांचं डीटीपीए असेल तर १८ ग्रॅम. दुकानदार ‘सगळं एकात’ म्हणून सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण पुढे करेल. ते घेऊ नका, त्यात तांबं आणि जस्त असतं आणि ते माशांना फार थोड्या मात्रेत मारतं. मोरचुदाचा हात लागलेली बादलीसुद्धा या टाकीजवळ नको. आपल्याकडे फवारणीची बादली आणि पाण्याची बादली एकच असते, म्हणून हे मुद्दाम सांगते.

आता काय करायचं ते.

येत्या रविवारी काहीच धुऊ नका. खाद्य चारपाच दिवस पूर्ण बंद ठेवा. कार्पला त्यानं काही होत नाही. हजार लिटरपैकी चौथाई पाणी काढा आणि तेवढंच भरा, पण बोअर चालू करून थेट टाकीत पाइप सोडू नका. खोल बोअरच्या पाण्यात प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. आदल्या रात्री बॅरलमध्ये भरून ठेवा, एअर पंपाचा दगड सोडा, सकाळी घाला. त्यानंतर रोज अमोनिया बघा. जिवाणू बसेपर्यंत, आणि पीएच आठच्या वर असेपर्यंत, तो अर्ध्याच्या वर गेला की पुन्हा चौथाई पाणी बदला. टाकी मात्र घासायची नाही आणि खडीला हात लावायचा नाही. हिरवट बुळबुळीत दिसेल, ते राहू द्या. तळाशी गाळ साचला तर नळीनं तेवढाच ओढून घ्या आणि मिरचीला, नारळाला घाला. वाफ्यातल्या खडीला कुजक्या अंड्यासारखा वास यायला लागला, तरच ती हलवा, कारण तिथे हवा पोचत नाहीये.

वेळ वाचवायची एक सोय आहे. ओळखीत कुणाकडे चालतं अ‍ॅक्वापोनिक्स असेल, किंवा काचेच्या पेटीत बरेच दिवस मासे पाळले असतील, तर त्यांच्याकडून न धुतलेली थोडी खडी किंवा फिल्टरचा स्पंज ओल्या कपड्यात गुंडाळून आणा आणि त्याच दिवशी वाफ्यात ठेवा. विरजण लावल्यासारखंच आहे हे. सहा आठवड्यांचं काम दोन-तीन आठवड्यांवर येतं. त्यांच्याकडचे मासे निरोगी आहेत ना, ते मात्र आधी विचारा.

पाचव्या-सहाव्या दिवसापासून खाद्य सुरू करा, पण मुठीनं नको. किचनमधला वजनकाटा वापरा. रोज दहा ग्रॅम, आणि पाच मिनिटांत संपेल एवढंच. अमोनिया पाव मिलिग्रॅमच्या खाली राहायला लागला की दर आठवड्याला थोडं वाढवा. पालेभाजीच्या एक चौरस मीटर वाफ्याला रोज चाळीस-पन्नास ग्रॅम खाद्य, असं प्रमाण संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेनं २०१४ मध्ये काढलेल्या छोट्या अ‍ॅक्वापोनिक्सच्या पुस्तिकेत दिलं आहे. मासे मोठे झाल्यावर तुमच्या दोन वाफ्यांना ते पुरून उरेल.

मध्येच एक टप्पा येईल, तेव्हा गांगरू नका. अमोनिया उतरायला लागेल आणि नायट्राइट चढायला लागेल. नायट्राइट माशाच्या रक्तात शिरलं की रक्त तपकिरी होतं आणि प्राणवायू वाहून नेत नाही. पाण्यात भरपूर हवा असूनही मासा वर येऊन धापा टाकतो, कल्ले लालऐवजी चॉकलेटी दिसतात. त्यावरचा उपाय तुमच्या स्वयंपाकघरात आहे. हजार लिटरला दीडशे-दोनशे ग्रॅम खडे मीठ आधी बादलीत विरघळवून, मग घाला. मिठातलं क्लोराइड कल्ल्यावर नायट्राइटची वाट अडवतं. एवढ्या मिठानं पालकाला काही होत नाही. मीठ उडून जात नाही, त्यामुळे पुन्हा घालायचं ते फक्त बाहेर काढलेल्या पाण्याच्या प्रमाणात.

खडीची एक परीक्षा राहिली. मूठभर खडी वाटीत घेऊन वर व्हिनेगर ओता. बुडबुडे आले तर तिच्यात चुना आहे आणि ती पीएच वरच धरून ठेवणार. आपल्या भागातली क्रशरची काळी खडी बहुतेक चांगली असते, पण काळ्या दगडाच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक असतात आणि काही वेळा ते चुन्याचे निघतात. काळ्या मातीतले चुनखडीचे गोटे मिसळलेले असू शकतात. शहाबादी फरशीचे तुकडे कुणी वाफ्याच्या तळाला घातले असतील तर काढा, ती फरशी म्हणजे चुनखडकच.

आणि पावसाचं पाणी. ताई, मृग तोंडावर आला आहे आणि तुमच्या सगळ्या त्रासावरचं सर्वांत सोपं औषध आता आकाशातून फुकट पडणार आहे. पावसाच्या पाण्यात आल्कलिनिटी जवळजवळ नसते. वीस चौरस मीटर छपरावर पंचवीस मिलिमीटर पाऊस पडला तर पाचशे लिटर होतात, उडालं-सांडलं वजा जाता चारशे तरी हाती लागतात. पागोळ्यांखाली दोन बॅरल मांडा. पूर्वी त्यांत औषध किंवा केमिकल नव्हतं याची खात्री करा. पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी जाऊ द्या, छपरावरची उन्हाळाभराची धूळ त्यात येते. मंगळुरी कौलांवरचं किंवा सिमेंटच्या गच्चीवरचं पाणी उत्तम. जुन्या जस्ती पत्र्यावरचं नको, जस्त उतरतं. बॅरलला बारीक जाळी बांधा, नाहीतर डास होतील.

चौथाई पाणी बदलायचं ते निम्मं बोअरचं आणि निम्मं पावसाचं घ्या. रोज आटणारं पाणी भरून काढायचं ते मात्र पूर्ण पावसाचं. हे फार महत्त्वाचं आहे, कारण आटताना फक्त पाणी जातं, क्षार मागे राहतात. बोअरचंच भरत राहिलात तर ते साठत जातात. एक अपेक्षा आधीच ठेवा: निम्मं पाणी मिसळलं म्हणून पीएच निम्मा होत नाही. आल्कलिनिटी अर्धी झाली तरी पीएच जेमतेम ०.३ नं उतरतो. किटवर ८.२ चं ७.९ दिसेल आणि तुम्हाला वाटेल काहीच झालं नाही. पण जिवाणूंना कापायचं अंतर अर्धं झालेलं असतं. जूनमध्ये सुरुवात केलीत तर गणपतीच्या सुमारास पीएच सातच्या घरात दिसायला हवा.

आता आल्कलिनिटी मोजायचं. थेंब मोजायचं केएच किट (केएच म्हणजे इथे आल्कलिनिटीच) मत्स्यपेटीच्या दुकानात मिळतं. रंग बदलेपर्यंत पडलेले थेंब मोजायचे. बहुतेक किटांत एक थेंब म्हणजे सुमारे अठरा मिलिग्रॅम असतो, पण सोबतची चिठ्ठी वाचा. किट मिळालं नाही तर जवळच्या खेड्यात चौकशी करा. जलजीवन मिशनखाली ग्रामपंचायतींना पाणी तपासायची किटं दिली आहेत आणि गावातल्या बायकांना ती वापरायला शिकवलं आहे. बोअरचं पाणी बाटलीत भरून नेलंत तर आल्कलिनिटी, कठीणपणा, नायट्रेट सगळं तिथे कळेल. कागद कानडीत आला तर ‘गडसुतन’ हा कठीणपणाचा आकडा, आपल्याला हवा तो ‘क्षारीयते’चा. दोन्ही बरेचदा जवळपास असतात, पण नेहमीच नाही.

आल्कलिनिटी शंभरच्या खाली आली की पंधरवड्यातून एकदा मोजत राहा. साठच्या खाली जाऊ देऊ नका. त्याआधीच बोअरचं थोडं पाणी मिसळलंत की ती पुन्हा सावरेल. आज ज्या पाण्यानं त्रास दिला तेच तेव्हा उपयोगी पडेल, म्हणून बोअरचं पाणी वाईट असं मनात धरू नका.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या वाचकांसाठी इथेच लिहिते, कारण त्यांनी वरचं सगळं जसंच्या तसं केलं तर नुकसान होईल. जांबोटी, कणकुंबीकडे धो-धो पाऊस आणि जांभा दगड, त्यामुळे विहिरी-झऱ्यांचं पाणी मऊ असतं. तिथे पाण्यात आल्कलिनिटी मुळातच थोडी. जिवाणूंचं काम चांगलं चाललं की ती दोन-तीन आठवड्यांत संपते, आणि मग पीएच हळूहळू न उतरता एकदम साडेपाचवर कोसळतो. सहाच्या खाली जिवाणू काम टाकतात आणि अमोनिया पुन्हा चढतो. तुम्ही शिंपल्यांची किंवा चुनखडीच्या तुकड्यांची जाळीची पिशवी टाकीत पडत्या पाण्याखाली टांगा. पीएच उतरला की ती आपोआप विरघळायला लागते. त्यापेक्षा जास्त लागलं तर एकदा पोटॅशियम बायकार्बोनेट आणि एकदा चुन्याची निवळी असं आलटून-पालटून, चमचाभर आणि तेही विरघळवून. त्यात झाडांना पालाश आणि कॅल्शियम दोन्ही मिळतं. खाण्याचा सोडा नेहमी वापरू नका, सोडियम साठतं. बेळगाव शहरात राकसकोप-हिडकलचं नळाचं पाणी वापरणाऱ्यांनी ते उघड्या बॅरलमध्ये दिवसभर ठेवून क्लोरीन जाऊ द्यावं, मगच घालावं. नव्या सिमेंटच्या हौदात मासे सोडायची घाई कुणी करू नये, त्याचं पाणी बरेच दिवस चुनकट राहतं.

ताई, भाजीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण घरात मुलं असतील म्हणून सांगते. पालक आणि कोथिंबीर कापताना टाकीचं पाणी पानांवर उडू देऊ नका आणि भाजी स्वच्छ पाण्यानं धुऊन घ्या. चिलेटेड लोह घातलं म्हणून भाजी किंवा मासे खायला हरकत नाही.

बोअरच्या पाण्याची आल्कलिनिटी आणि नायट्रेट, आणि खडीवर व्हिनेगर ओतल्यावर काय झालं, एवढं कळवा. त्यावरून चिलेट आत्ताच घ्यायचं की गणपतीपर्यंत थांबून स्वस्तातलं डीटीपीए घ्यायचं, ते ठरवू.